अलेवींकडेच दाखला का मागायचा?

इस्तंबूलच्या येनीबोस्ना भागात अलेवी समाजाच्या एका प्रतिष्ठानाचे केंद्र आहे. तिथे ग्रंथालय आहे, व्याख्यानांच्या खोल्या आहेत, मयताचे विधी करायला जागा आहे आणि अलेवींची सामूहिक उपासना, म्हणजे ‘जेम’, जिथे होते ते दालन आहे. अशा वास्तूला तुर्कस्तानात ‘जेमएवी’ म्हणतात. तुर्की नियमांनुसार प्रार्थनास्थळांच्या दिवाबत्तीचा खर्च सरकारी निधीतून भागवला जातो. मशिदींचा भागतो, चर्च आणि सिनेगॉगचाही भागतो. २००६ साली या प्रतिष्ठानाने तीच सवलत मागितली. वीजकंपनीने नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तिथे आधार घेतला गेला तो ‘दियानेत’च्या, म्हणजे तुर्कस्तानच्या सरकारी धर्मखात्याच्या मताचा. ते मत असे होते की अलेवी हे मुसलमान आहेत, मुसलमानांचे प्रार्थनास्थळ मशीद आहे, म्हणून जेमएवी हे प्रार्थनास्थळ ठरत नाही. दावा फेटाळला गेला. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोहोचले आणि दरम्यान विजेची थकबाकी सहा लाख लिरांच्या पुढे गेली.

२ डिसेंबर २०१४ रोजी त्या न्यायालयाने हा धर्माच्या आधारावर केलेला भेदभाव असल्याचा निकाल दिला. तरीही दियानेतने पुढे केलेली सबब मेलेली नाही. ती वेगवेगळ्या रूपांत अजून ऐकू येते, आणि केवळ कट्टर मंडळींच्या तोंडून येत नाही. स्वतःला समंजस म्हणवणारे प्राध्यापक, स्तंभलेखक, मुत्सद्दी हेही म्हणतात की अलेवींची मागणी मुळात समजण्यासारखी आहे, पण आधी त्यांनी ते कोण आहेत हे ठरवावे. तुर्कस्तान धर्मनिरपेक्ष आहे, तिथे वेगळ्या मान्यतेचा प्रश्नच येत नाही. हे सगळे जर्मनीत शिजलेले आहे. आणि आता तर सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालयही काढले, मग तक्रार कसली? यातली एकही सबब तपासणीत टिकत नाही.

तपासणीआधी जेममध्ये काय होते ते पाहायला हवे, कारण सगळा वाद ज्याच्याभोवती फिरतो ती गोष्ट वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेली असते. रिवाजाने गुरुवारी संध्याकाळी लोक जमतात. स्त्रिया आणि पुरुष एकाच दालनात, एकमेकांची तोंडे दिसतील असे वर्तुळ धरून बसतात. वंशपरंपरेने आलेले धर्मप्रमुख, ज्यांना ‘देदे’ म्हणतात, मेंढीच्या कातड्याच्या आसनावर बसतात. प्रार्थनेला हात घालण्याआधी देदे जमलेल्यांना विचारतात, तुम्ही एकमेकांवर राजी आहात का? कोणाचे कोणाशी भांडण असेल, कोणी कोणाचे पैसे बुडवले असतील, शेताच्या बांधावरून तंटा असेल, तर तो त्या वेळी सगळ्यांसमोर मांडायचा. संबंधित माणसे मध्यभागी येऊन उभी राहतात, बाजू ऐकली जाते, भरपाई ठरते, समेट होतो. तंटा मिटवायला जो तयार नसेल त्याला बाहेर जावे लागते. ही रजामंदी मिळाल्याखेरीज जेम पुढे सरकत नाही. मग दिवे उजळले जातात, ‘झाकिर’ बाग्लामा हे तंतुवाद्य छेडत भक्तिपदे गातो, स्त्री-पुरुष मिळून ‘सेमाह’ या वर्तुळाकार फेऱ्या घेतात, शेवटी आणलेले अन्न वाटून खाल्ले जाते. दार राखणाऱ्यापासून झाडू मारणाऱ्यापर्यंत बारा सेवा वाटून दिलेल्या असतात. भाषा तुर्की असते, कुठे कुर्दी किंवा झाझा.

यातले काहीही मशिदीत होत नाही आणि होऊही शकत नाही. अलेवींपैकी बहुसंख्य लोक मशिदीत नमाजाला जात नाहीत, रमजानचे रोजे धरत नाहीत. मोहरममध्ये बारा दिवस उपास करतात आणि तो सुटल्यावर अशुरे ही धान्य-सुक्यामेव्याची गोड खीर शेजारीपाजारी वाटतात. अली आणि बारा इमाम यांच्यावर त्यांची भक्ती आहे, तेराव्या शतकातले हाजी बेक्ताश वेली त्यांचे पूज्य संत आहेत. सीरियातल्या अलवींशी त्यांची गल्लत नेहमी होते. इतिहास, भाषा आणि विधी पाहता हे दोन समाज वेगळे आहेत. तुर्कस्तानची जनगणना त्यांना वेगळे मोजत नाही, त्यामुळे लोकसंख्येचे अंदाजच चालतात. ते साधारण एक कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

आता पहिली सबब. मुसलमान म्हटले की मशीद, आणि मशीद म्हटले की दुसरे काही नाही, हे विधान धर्मशास्त्राचे आहे. ते करण्याचा अधिकार एखाद्या मौलवीला असू शकेल. पण वीजबिलाच्या वादात, ओळखपत्राच्या अर्जात, शाळेच्या अभ्यासक्रमात सरकार तेच विधान पुरावा म्हणून वापरते तेव्हा एका पंथाचे मत दुसऱ्या पंथावर कायद्याच्या जोरावर लादले जाते. सरकारचे वागणेही त्याच्या म्हणण्याशी जुळत नाही. २०१० साली तुर्कस्तानच्या प्रस्तावावरून युनेस्कोने सेमाहचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, आणि त्या नोंदीच्या नावातच सेमाह हा अलेवी-बेक्ताशी विधी असल्याचे म्हटले आहे. जगासमोर मिरवायचे असते तेव्हा तो धार्मिक विधी असतो. तोच विधी ज्या छपराखाली होतो त्याच्या दिव्यांचे पैसे द्यायची वेळ आली की तो सांस्कृतिक कार्यक्रम ठरतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

स्ट्रासबर्गच्या सुनावण्यांत सरकारने आणखी एक भूमिका घेतली. अलेवी परंपरा ही इस्लाममधल्या सूफी तरिकांसारखी, म्हणजे पंथांसारखी, आहे, स्वतंत्र उपासनामार्ग नव्हे, असे सांगितले गेले. गोम इथे आहे. तुर्कस्तानात सगळ्या तरिका १९२५ च्या ६७७ क्रमांकाच्या कायद्याने बंद आहेत. त्या कायद्यात बंदी घातलेल्या पदव्यांची यादी आहे आणि तिच्यात ‘देदे’ ही पदवी नावानिशी आहे. ती वापरणाऱ्याला किमान तीन महिने कैदेची तरतूद आहे. घटनेच्या १७४व्या अनुच्छेदाने या कायद्याला संरक्षण दिले आहे. म्हणजे सरकार अलेवींना ज्या खान्यात बसवते तो खाना शंभर वर्षांपूर्वीच त्याने कुलूपबंद केलेला आहे. खटले रोज भरले जात नाहीत हे खरे, देदे उघडपणे जेम चालवतात हेही खरे. पण कोट्यवधी नागरिकांची उपासना पोलिसांच्या आणि न्यायाधीशांच्या मर्जीवर चालते, आणि ही मर्जी उद्या फिरणार नाही याची हमी कुठल्याही कागदावर नाही.

धर्मनिरपेक्षतेचा आसरा घेणाऱ्यांनी आधी दियानेतकडे पाहावे. ३ मार्च १९२४ रोजी, खिलाफत रद्द झाली त्याच दिवशी, या खात्याची स्थापना झाली. आज ते ऐंशी हजारांहून अधिक मशिदी चालवते, एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना पगार देते, इमाम नेमते, शुक्रवारचे प्रवचन लिहून देते, परदेशांतही माणसे पाठवते. हे सगळे करदात्यांच्या पैशातून होते आणि त्या करदात्यांत अलेवीही आहेत. सगळ्या धर्मांपासून समान अंतर राखणारे राज्य म्हणाले असते की आम्ही कोणाच्याच विजेचे बिल भरणार नाही, तर वाद वेगळ्या पातळीवर झाला असता. अनेक अलेवी संघटनांनी त्याचे स्वागतच केले असते, कारण दियानेत बंद करा ही त्यांची जुनी मागणी आहे. इथे मात्र राज्याने एका बाजूचा खर्च, पगार आणि पाठ्यपुस्तके सगळे अंगावर घेतले आहे आणि दुसऱ्या बाजूला निरपेक्षतेचा पाठ दिला जातो.

पाठ्यपुस्तकांची गोष्ट तर विशेष बोचणारी आहे. १९८० च्या लष्करी बंडानंतर आलेल्या १९८२ च्या घटनेने ‘धर्मसंस्कृती आणि नीतिशास्त्र’ हा विषय प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत सक्तीचा केला. बंड करणारे सेनानी स्वतःला प्रजासत्ताकाचा धर्मनिरपेक्ष संस्थापक केमाल अतातुर्कचे वारस म्हणवत होते, तरी सुन्नी इस्लामचा डोस देऊन तरुणांना डाव्या विचारांपासून तोडता येईल असा त्यांचा हिशेब होता. अलेवी खेड्यांत मशिदी बांधण्याला जोर चढला तोही याच काळात. इस्तंबूलच्या आव्जीलार भागात सातवीत शिकणाऱ्या एलेम झेंगिनच्या वडिलांनी मुलीला या विषयातून सूट मागितली. ख्रिस्ती आणि ज्यू मुलांना ती मिळत होती; अलेवी कागदोपत्री मुसलमान, म्हणून मिळाली नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये स्ट्रासबर्गने तुर्कस्तानच्या विरोधात निकाल दिला. पुस्तकांत अलेवींवर काही पाने घातली गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये मन्सूर याल्चिन आणि इतरांच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा सांगितले की एवढ्याने भागत नाही, पालकांना आपली श्रद्धा जाहीर न करता मुलांना बाहेर ठेवता आले पाहिजे. विषय आजही सक्तीचा आहे. वर्गात रमजानच्या रोज्यांवर धडा चालू असताना घरी कोणी रोजा का धरत नाही, हे शिक्षकांना कसे सांगायचे हा प्रश्न अलेवी मुलाला आठवड्यातून दोनदा पडतो. घराबाहेर आपण कोण हे बोलायचे नाही, ही शिकवण बहुतेक अलेवी मुलांना आई-आजीकडून मिळालेली असते.

सगळ्यात सभ्य वाटणारी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नुकसान करणारी सबब म्हणजे एकमताची. अलेवींमध्येच एकवाक्यता नाही, मग मान्यता द्यायची तरी कोणाला? मतभेद आहेत, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. इझ्झेत्तिन दोआन यांच्या जेम वक्फ या अलेवी संस्थेच्या वर्तुळात अलेवी परंपरा हा इस्लामचा गाभा मानला जातो. युरोपातल्या काही संघटना तिला स्वतंत्र श्रद्धा म्हणतात. पूर्वेकडच्या देर्सिम भागातल्या झाझाभाषक अलेवींसाठी मुन्झुर नदीचे झरे आणि दुझ्गुन बाबाचा डोंगर पवित्र आहेत. टॉरस डोंगरातल्या ताहताजी लाकूडतोड्यांच्या चालीरीती निराळ्या आहेत. कोणाला दियानेतमध्ये वाटा हवा आहे, कोणाला दियानेतच नको आहे. २००४ च्या युरोपीय संघाच्या अहवालात त्यांना मुस्लिम अल्पसंख्य म्हटले गेले तेव्हा अनेक अलेवींनाच ते रुचले नाही; आम्ही प्रजासत्ताक उभारणाऱ्यांतले आहोत, अल्पसंख्य कसले, असे ते म्हणाले.

पण मान्यतेसाठी एकमत ही अट कोणत्या सुन्नी माणसाला कधी घातली गेली? दियानेत हनफी रीतीने चालते आणि आग्नेयेकडच्या कुर्दांपैकी बरेच शाफी आहेत. नक्शबंदी शाखा, नूरजू, सुलेमानजी या सुन्नी गटांचे आपसांत आणि दियानेतशी किती पटते हे तुर्कस्तानात सगळ्यांना माहीत आहे. या मंडळींचे आधी एकमत होऊ द्या, मग मशिदीचे दिवे लावू, असे कोणी म्हटलेले नाही. दुसरे असे की अलेवींना एक पोप नाही, एक ग्रंथसंहिता नाही, याचे कारण त्यांच्या इतिहासात आहे. ‘ओजाक’ म्हणजे पवित्र मानलेल्या घराण्यांचे जाळे, प्रत्येक ओजाकाचे आपले अनुयायी, तोंडी चालत आलेली पदे आणि रिवाज, हीच या परंपरेची घडण आहे. डोंगरातल्या खेड्यांत, रात्री, दाराशी पहारा ठेवून जी उपासना टिकली तिला केंद्रीय कार्यालय कुठून असणार? ज्यांनी लपायला लावले त्यांनीच आता नोंदवही का नाही असे विचारणे अन्यायाचे आहे.

२००५ साली २०३ अलेवी नागरिकांनी पंतप्रधानांच्या कार्यालयाकडे अर्ज केला होता. जेमएवींना प्रार्थनास्थळाचा दर्जा द्या, देदेंना सरकारी सेवेत घ्या, अंदाजपत्रकात तरतूद करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तो फेटाळला गेला आणि २६ एप्रिल २०१६ रोजी स्ट्रासबर्गच्या महापीठाने धर्मस्वातंत्र्य आणि समान वागणूक या दोन्ही मुद्द्यांवर तुर्कस्तानला दोषी धरले. अंतर्गत वाद असल्याने एखाद्या धर्मसमुदायाचे हक्क संपत नाहीत, हे त्या निकालात स्पष्ट आहे. त्याहून नेमके असे की एखादी श्रद्धा धर्म आहे की पंथ, तिचे आचार योग्य आहेत की नाहीत, याचा निवाडा करणे राज्याच्या तटस्थतेत बसत नाही. आधी २०१० मध्येही हाच सूर होता. इझ्मीरच्या सिनान इशिक यांनी ओळखपत्रावर धर्माच्या खान्यात ‘इस्लाम’च्या जागी ‘अलेवी’ लिहून मागितले होते, तुर्की न्यायालयाने त्यावरही दियानेतचा सल्ला घेतला होता, आणि स्ट्रासबर्गने तो खानाच आक्षेपार्ह ठरवला होता.

जर्मनीत शिजलेले कारस्थान या आरोपाला उत्तर तारखांनी द्यावे लागते. १५१४ साली चाल्दिरानच्या रणात उस्मानी सुलतान सलीमने इराणच्या शाह इस्माइलला हरवले, आणि त्या मोहिमेच्या आगेमागे अनातोलियातल्या तांबडी टोपी घालणाऱ्या किझिलबाशांची, म्हणजे आजच्या अलेवींच्या पूर्वजांची, कत्तल झाली. १८२६ मध्ये सुलतानाची जानिसारी फौज मोडली गेली तेव्हा तिच्याबरोबर हाजी बेक्ताशांना मानणाऱ्या बेक्ताशी पंथाचे मठही बंद झाले. १९३७-३८ मध्ये देर्सिमवर लष्कर आणि विमाने चालून गेली. सय्यद रिझा या वृद्ध नेत्याला नोव्हेंबर १९३७ मध्ये फाशी दिले गेले. २०११ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनीच १३,८०६ लोक मारले गेल्याचा सरकारी आकडा वाचून दाखवला. डिसेंबर १९७८ मध्ये माराश शहरात अलेवींच्या घरांवर आधी खुणा केल्या गेल्या आणि मग हल्ले झाले. सरकारी हिशेबाने १११ माणसे मेली. यात जर्मनी कुठे आहे?

आणि सिवास. २ जुलै १९९३ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, पीर सुलतान अब्दाल या सोळाव्या शतकातल्या अलेवी कवीच्या नावाने भरलेल्या महोत्सवाचे पाहुणे त्या शहरातल्या मादिमाक हॉटेलात अडकले. बाहेर हजारोंचा जमाव होता आणि पोलीस व सैनिक जवळच होते. तासन्‌तास वेढा पडला आणि मग हॉटेल पेटवले गेले. महोत्सवाला आलेले ३३ जण आणि हॉटेलचे दोन कामगार मेले. त्यांत मेतिन आल्तिओक आणि बेहचेत आयसान हे कवी होते, मुहलिस आकारसू आणि हस्रेत गुल्तेकिन हे गायक-वादक होते, एक डच विद्यार्थिनी होती. लेखक अझीझ नेसिन वाचले. पुढे कितीतरी वर्षे त्या इमारतीच्या तळमजल्यावर कबाबचे दुकान चालू होते. २०११ मध्ये तिथे ‘विज्ञान आणि संस्कृती केंद्र’ उघडले आणि स्मृतिफलकावर मृतांच्या नावांत हल्लेखोरांपैकी मेलेल्या दोघांचीही नावे घातली गेली. मार्च २०१२ मध्ये फरार आरोपींवरचा खटला मुदत संपली म्हणून बंद झाला. अलेवी संघटना त्या जागी संग्रहालय मागतात. ते त्यांना मिळालेले नाही.

अशा इतिहासातून आलेली माणसेच १९६१ च्या कामगार करारानंतर आणि १९८० च्या बंडानंतर जर्मनीत पोहोचली. तिथेही सुरुवातीची काही दशके ती गप्प राहिली, कारखान्यातल्या सुन्नी सहकाऱ्यांना कळू नये म्हणून. १९८९ मध्ये हॅम्बर्गला अलेवी संस्कृती सप्ताह भरला, त्याच वर्षी त्या शहरातून जाहीरनामाही निघाला आणि पुढच्या वर्षी तो तुर्की वृत्तपत्रातही छापून आला. मायदेशात संघटना काढण्यावर बंधने असताना परदेशातल्या मोकळ्या कायद्यांचा उपयोग झाला, एवढाच या ‘परकीय हाता’चा अर्थ आहे. सिवासनंतर जर्मनीतल्या संघटनांची सभासदसंख्या झपाट्याने वाढली. २००० च्या दशकात बर्लिनपासून सुरुवात होऊन एकेका राज्यात शाळांमध्ये अलेवी धर्मशिक्षणाचे तास सुरू झाले. हॅम्बर्गने २०१२ मध्ये त्यांच्याशी करार केला. ऑस्ट्रियाने २०१३ मध्ये त्यांना कायदेशीर धर्मसमाज म्हणून मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने अलेवी महासंघाला चर्चसारखाच सार्वजनिक संस्थेचा दर्जा दिला. या देशांत त्यामुळे कोणाचे आभाळ कोसळले नाही.

परदेशातली मान्यता सगळी गोडच आहे असे मात्र नाही. जर्मन कायद्याला समोर एक संस्था लागते, तिचे लेखी सिद्धांत लागतात, शिक्षकांसाठी अभ्यासक्रम लागतो. जी परंपरा देदेच्या तोंडून आणि बाग्लामाच्या तारेवरून चालत आली तिला पाठ्यपुस्तकाच्या साच्यात बसवताना काही गोष्टी हातातून निसटतात, ही देदेंची तक्रार खरी आहे. ऑस्ट्रियात तर कायद्याने एका अलेवी गटाला मान्यता दिली आणि स्वतःला इस्लामबाहेरचे मानणाऱ्या गटाला वेगळे झगडावे लागले. म्हणजे ‘खरे अलेवी कोण’ हे ठरवण्याचा मोह व्हिएन्नालाही आवरला नाही. युरोपातले काही राजकारणी अलेवींचे कौतुक करतात ते सुन्नी स्थलांतरितांना हिणवण्यासाठी. बायका डोके झाकत नाहीत, पुरुषांबरोबर बसतात, म्हणून हे चांगले परके, असे हे कौतुक असते. शेजाऱ्याला कमी लेखण्यासाठी दिलेली शाबासकी अलेवींनी घेऊ नये आणि त्यांच्यातल्या जाणत्यांनी ती घेतलेलीही नाही.

जर्मन समाजाला तरी अलेवी किती माहीत होते? डिसेंबर २००७ मध्ये तिथल्या लोकप्रिय गुन्हेमालिकेच्या एका भागात अलेवी कुटुंबात बापाने मुलीवर केलेला अत्याचार दाखवला. जेममध्ये दिवे विझवून स्त्री-पुरुष वाटेल ते करतात, अशी बदनामी शतकानुशतके अलेवींच्या वाट्याला आली आहे. १९९५ मध्ये तुर्की दूरचित्रवाणीवर एका निवेदकाने तसाच ‘विनोद’ केला होता आणि लोक रस्त्यावर उतरले होते. जर्मन मालिकेच्या त्या भागानंतरही कोलोनमध्ये हजारो अलेवी डिसेंबरच्या थंडीत निदर्शनाला जमले. पटकथाकाराच्या मनात तसा हेतू नसेलही. पण ज्या समाजाबद्दल लोकांना काहीच सांगितले गेलेले नाही त्याच्याबद्दल जुना चिखल पुन्हा उडतो, मग तो देश कुठलाही असो. शाळेतला तास, विद्यापीठातले अध्यासन, पाटीवर उघड लिहिलेले नाव यांची गरज त्यासाठी आहे.

बेक्ताशींची वाट आणखी निराळी. १९२५ च्या बंदीनंतर त्यांनी आपले मुख्यालय अल्बानियात हलवले. सप्टेंबर २०२४ मध्ये अल्बानियाचे पंतप्रधान एदी रामा यांनी तिरानात व्हॅटिकनच्या धर्तीवर बेक्ताशींचे छोटे सार्वभौम राज्य स्थापण्याचा बेत जाहीर केला. तो तडीस जाईल की नाही ही पुढची गोष्ट, आणि ही कल्पना सगळ्याच अलेवींना रुचलेली नाही. पण ज्या संताच्या नावाने हे राज्य व्हायचे त्याची समाधी अनातोलियातल्या हाजीबेक्ताश गावात आहे, आणि १९६४ पासून ती सरकारी संग्रहालय आहे. अनेक वर्षे भाविकांना आपल्याच पीराच्या दर्शनाला तिकीट काढून आत जावे लागत होते.

उरते ती २०२२ ची गोष्ट. त्या वर्षी ३० जुलैला, मोहरमच्या पहिल्या दिवशी, अंकारात अलेवी संस्थांवर एकापाठोपाठ हल्ले झाले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी अलेवींसाठी नव्या कार्यालयाची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये अध्यक्षीय आदेशाने ‘अलेवी-बेक्ताशी संस्कृती आणि जेमएवी’ संचालनालय निघाले. जेमएवींच्या दिवाबत्तीचा खर्च मिळेल, इच्छुक धर्मप्रमुखांना पगार मिळेल. सरकारच्या बाजूने बोलणारे इथे विजयाने विचारतात की आता आणखी काय हवे? हवे ते साधे आहे. हे संचालनालय संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयाखाली आहे. मशीद धर्मखात्याकडे, जेमएवी लोकनृत्ये आणि हॉटेलांच्या परवान्यांच्या शेजारी. प्रमुख नेमायचा राष्ट्राध्यक्षांनी. प्रार्थनास्थळ हा दर्जा कायद्यात अजूनही नाही. पैसे दिले आणि नाव दिले नाही, तेव्हा बहुतेक मोठ्या अलेवी महासंघांनी याला तोंडाला पाने पुसणे म्हटले, आणि त्यांचे बरोबर आहे. पगार घेणारा देदे सरकारचा नोकर होतो. जमलेल्यांची रजामंदी घेऊन बसणारा देदे त्या जमावाला उत्तरदायी असतो. २००९-१० मध्ये सरकारने सात कार्यशाळा भरवून अलेवींचे म्हणणे ऐकले होते. नंतर २०१३ मध्ये बोस्फरसवरच्या तिसऱ्या पुलाला नाव दिले ते यावुझ सुलतान सलीमचे, चाल्दिरानवाल्या त्याच सलीमचे.

एप्रिल २०२३ मध्ये विरोधकांचे अध्यक्षपदाचे उमेदवार केमाल किलिचदारओलू यांनी एका छोट्या चित्रफितीत मी अलेवी आहे असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, तेरा वर्षे पक्षाध्यक्ष होते, जन्माने देर्सिमचे, आणि तरी हे सांगणे बातमी ठरले. चित्रफीत कोट्यवधी वेळा पाहिली गेली. निवडणूक ते हरले. त्यांच्या पक्षाकडेही या बाबतीत स्वच्छ पाटी नाही. देर्सिमवर विमाने गेली तेव्हा देशात तो एकच पक्ष होता.

करायचे काय, हा प्रश्न अवघड नाही. नगररचनेच्या कायद्यात २००३ मध्ये युरोपीय संघाच्या दबावाखाली ‘मशीद’च्या जागी ‘प्रार्थनास्थळ’ हा शब्द आला. त्यात जेमएवीचा समावेश आहे असे एक वाक्य संसद एका बैठकीत मंजूर करू शकते. विरोधी बाकांवरून अशा सूचना आल्याही आहेत. धर्मशिक्षणाची सक्ती काढायला घटनादुरुस्ती लागेल, पण श्रद्धा जाहीर करायला न लावता सूट द्यायला शिक्षणमंत्र्यांचा आदेश पुरतो. ६७७ क्रमांकाच्या कायद्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला हात लावणे म्हणजे धार्मिक पक्षांच्या दृष्टीने अलेवींना उंबरठ्याच्या आत घेणे आणि केमालवाद्यांच्या दृष्टीने अतातुर्कच्या सुधारणांना तडा देणे. त्यामुळे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे या एका कलमापाशी येऊन सारखेच थबकतात, आणि ‘देदे’ ही पदवी अजून त्या यादीत तशीच आहे.